उंबराच्या झाडावरची वटवाघळं
चार वर्षांपूर्वीचा एप्रिलमधला रविवार, सकाळचे अकरा. हजर: मी, बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, तळमजल्यावरच्या काकू आणि फांद्या तोडणारा माणूस. पिकल्या उंबरांचा वास आला की ती सकाळ आठवते. वटवाघळं वाळत घातलेले कपडे घाण करतात, ही तक्रार काकूंची. फांद्या तोडायची परवानगी मी आणलेली. माणूस अर्ध्यावर चढला, तसा झाडभर कलकलाट झाला. मी सारखी घड्याळ बघत होते. तो वरूनच ओरडला, “मॅडम, माद्यांच्या छातीला पिल्लं आहेत. घाबरून उडाल्या तर सुटून पडतील.” अध्यक्ष म्हणाले, “आपण फांद्या तोडायला जमलोय की बारशाला?” काकू वर बघतच राहिल्या. उन्हात एक मादी पंखानं पिल्लाला वारा घालत होती. “अहो, उतरवा त्याला खाली. पिल्लं मोठी होईपर्यंत कपडे घरात वाळवीन मी.” ती पिल्लं केव्हाच उडायला लागली; त्या माणसाला परत बोलवायला फोन करायचं मात्र माझ्याकडून अजून राहिलंय.