हद्दीच्या दगडाखालचा कोळसा

वस्तीत त्यांना सगळेच साखळीमामा म्हणायचे, पण त्यात मान कमी आणि टोमणा जास्त. विशीत ते मोजणी खात्यात साखळी ओढायला लागले आणि आपल्याच लोकांच्या डोंगरावर सरकारची हद्द आखून आले. ही मूळची माणसं; सरकार हा शब्दही कुणी ऐकला नव्हता तेव्हापासून इथे पेरत आलेली. आजोबांच्या पिढीने या जमिनीसाठी भाले उचलले, बापाच्या पिढीने अर्ज लिहून बोटं झिजवली. "आणि आमच्या भावाने काय केलं, तर पगार घेतला!" त्यांची थोरली बहीण, साऱ्या वस्तीची आक्का, चारचौघांत सुनवायची.

खरं दुखणं पुढेच होतं. मामांनी दगड रोवले ते वर, कड्याच्या पायथ्याशी. चार वर्षांनी जंगल खात्याने ते गुपचूप उचलून खाली ओढ्याकाठी आणले आणि मधली शेतं गिळून ढेकरही दिला नाही. मामांनी बोंब मारली. पण ऐकतो कोण?

"रोवणारा तूच आणि हलले म्हणणाराही तूच," आक्का म्हणाली, आणि तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. मामांनी ते मनाला फार लावून घेतलं. तरी हरले मात्र नाहीत. हद्दीवर चोरून खणलं तर आपणच गुन्हेगार ठरू, खणायचं ते अधिकाऱ्यासमोरच, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तीस वर्षांनी वस्तीच्या जमिनीच्या दाव्याची सुनावणी लागली, तीही जागेवर. ओढ्याकाठी सुनावणीच्या अधिकारी बाई, जंगल खात्याचा वकील आणि अख्खी वस्ती जमली. वकिलाने दगडावर थाप मारली. "असे सतरा दगड आहेत. पहिल्यापासून इथेच."

"मग खाली कोळसा असेल," मामा म्हणाले.

"कसला कोळसा?" बाईंनी विचारलं.

"दगड रोवायच्या आधी आम्ही खड्ड्यात पाटीभर कोळसा ओतायचो, बाई. दगड कुणीही पळवील, कोळसा कोण नेतोय? आणि तो कुजत नाही. खणून बघा की."

खणलं. कमरेइतकं खोल गेलं तरी नुसता चिखल. मग मामा चढणीला लागले. कड्यापासून पावलं मोजत आले. साठीतही पाऊल मापाचं पडत होतं. एका झाडाच्या बुंध्याशी थांबून म्हणाले, "इथे."

हातभर खणल्यावर माती काळी झाली. वस्तीने एकच गलका केला. वकील मात्र खमका होता. "हा तुम्हीच परवा पुरला असेल!"

"परवा पुरला असता तर मोकळ्या जागी पुरला असता, साहेब. या वयात मुळांत हात घालायची हौस आहे का मला?"

मामांनी माती बाजूला सारली. मनगटाएवढं जाड मूळ कोळशाच्या थरातून आरपार गेलं होतं. खडे त्याच्या सालीत रुतून बसले होते. बाई खड्ड्यापाशी गुडघ्यांवर बसल्या, नीट पाहिलं आणि लिहून घेतलं की दगडाची मूळ जागा हीच. "बाकीच्या जागाही दाखवा," त्या म्हणाल्या. वकील चष्मा पुसत राहिला.

आक्का गर्दीतून पुढे आली. "तीस वर्षं तुला नावं ठेवली रे. आता तोंड कुठे लपवू?"

मामांचे डोळे भरून आले. "लपवायला वेळ कुठाय? सोळा राहिलेत. फावडं धर."