सैल पट्ट्याची चाल

"थांबा. अजून सूर संपलेला नाही."

एक बोट वर, डोळे मिटलेले. टेप केव्हाच थांबलेला असे आणि आम्ही चौघे गार होत चाललेला चहा हातात धरून बसलेलो. ते बोट खाली येईपर्यंत घोट घ्यायची सोय नव्हती.

सात रस्त्याजवळच्या आमच्या ऑफिसात हे गृहस्थ हेडक्लार्क होते. तुमच्याही ऑफिसात असा एक असणारच. त्याला जगातली एकच गोष्ट कळते, आणि ती दुसऱ्या कुणाला कळत नाही याचाच त्याला जास्त आनंद. यांची गोष्ट म्हणजे एक अमेरिकन सॅक्सोफोनवाला. तोही सगळा नव्हे. त्याच्या उमेदीच्या दिवसांतल्या संथ चालींची एक कॅसेट, आणि ती वाजवायला एक जुना टेप. दोन्ही ऑफिसच्या कपाटात असत आणि डब्याच्या सुट्टीत बाहेर निघत.

"पुढं बिघडला तो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुण्याला भाच्याकडे त्याचं नंतरचं वाजवणं यांनी एकदाच ऐकलं होतं. "नाव झालं आणि पळायला लागला. आणि हितं बघा, एकेक सूर कसा पाय रोवून उभा आहे."

आम्हाला त्या सुरांत फक्त झोप यायची. तसं कुणी बोललं की ते कन्नडमधून काहीतरी पुटपुटत आणि मग मराठीत म्हणत, "तुमचे कान वरातीतले." कॅसेटला हात लावणाऱ्या एकाला त्यांनी आधी साबणाने हात धुवून यायला सांगितलं होतं. मला हा माणूस मनापासून आवडत नसे. वर्षानुवर्षं एकच कॅसेट ऐकायची आणि रसिक म्हणून मिरवायचं, यात कसली आली आहे रसिकता?

आमच्या जिन्याखाली बँडवाल्यांचं दुकान होतं. तिथला सॅक्सोफोनवाला वरातीत चालू सिनेमातली गाणी वाजवायचा आणि आमचे हे हेडक्लार्क साहेब जाता-येता नाक मुरडायचे. "तो वाजवत नाही, फुंकतो." त्या बिचाऱ्याला मात्र वरून ऐकू येणाऱ्या त्या चालीची फार ओढ. ती शिकायची म्हणत होता. एका दुपारी मीच त्याला वाद्यासकट वर घेऊन आलो. हेतू काही चांगला नव्हता. दोघांची जुंपली तर मला बघायची होती.

टेप लागला. बँडवाला वाद्य जुळवू लागला, पण ते जुळेना. त्याने तोंडाकडचा भाग बाहेर ओढून पाहिला, पुन्हा आत सारला, शेवटी वाद्य मांडीवर ठेवलं.

"साब, ये सुर मेरे बाजे में हैच नई. टेप सुस्त चलरा तुम्हारा."

"तुला ऐकू येत नाही म्हण की," साहेब म्हणाले.

तेव्हा मी मोबाइल काढला. कॅसेटच्या कव्हरवरचं नाव घालून तेच रेकॉर्डिंग शोधलं आणि लावलं. सूर चढा होता, चालही जरा झपझप होती. बँडवाला पहिल्याच ओळीत त्यात मिसळला आणि, खोटं कशाला बोलू, सुंदर वाजवू लागला. टेपच्या आतला रबरी पट्टा सैल पडला होता. किती वर्षांपूर्वी, देव जाणे. ज्या संथपणाच्या जोरावर हा माणूस आम्हाला तुच्छ लेखत आला, तो संथपणा त्या पट्ट्याचा होता.

"म्हणजे तो बिघडलाच नव्हता, साहेब," मी म्हणालो. "तुमचा टेप बिघडला होता."

मी हे हसत म्हणालो, आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणालो. साहेबांनी टेप बंद केला, त्यावर रुमाल टाकला आणि बँडवाल्याला विचारलं, "चहा घेणार की?"

त्यानंतर त्यांनी ऑफिसात सुराचं नाव काढलं नाही. पहिला आठवडा मी जिंकल्याच्या तोऱ्यात वावरलो. मग एका सुट्टीत मीच म्हणालो, "साहेब, लावा की आज." त्यांनी "कामं पडलीत" म्हणून फाइल पुढे ओढली. मला तेव्हा लाज वाटली. एकच का होईना, ती कॅसेट त्यांनी जीव लावून ऐकली होती, आणि मी आजवर काहीच तसं ऐकलेलं नाही. पण माफी मागायचं राहिलं.

निवृत्तीनंतर वर्षाच्या आत ते गेले. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून, फुलांनी सजवून खांद्यावरून न्यायचं होतं, आणि पुढे वाद्यं. बँडवाला न बोलावता आला होता. सगळी वाद्यं थांबल्यावर त्याने ती चाल धरली, त्या जुन्या टेपवर लागायची तितकीच सावकाश.

मी जवळ जाऊन म्हणालो, "अरे, ही अशी नाही. तुला तर बरोबर येते."

"आती है साब," तो म्हणाला. "मगर उनकू ऐसीच पसंद थी."

मागून कुणीतरी ओरडलं, "बिगीबिगी चला की, ऊन वाढायलंय." बँडवाल्याने ऐकलं नाही. खांदेकऱ्यांना पावलं आखडावी लागली, आणि मीही त्यांच्या मागे एकेक पाऊल टाकत चालत राहिलो.