शनिवार पेठेत कर्त्याचा शोध

बिबवेवाडीहून शनिवार पेठेत जाणं हा काही प्रवास नव्हे, असं म्हणणाऱ्यांनी तो सकाळी दहाला स्कूटरवरून करून पाहावा. वेळ वाचवायला मी आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटमधून स्कूटर काढली आणि वाचवलेला सगळा वेळ स्वारगेटच्या सिग्नलला वाहिला. डिकीत दोनशे पत्रकं होती : ‘विश्वाला निर्माता नाही!’ मजकूर माझा, उद्गारचिन्हही माझंच. रविवारी आमच्या नास्तिक मंडळींची सभा होती. माझे फिजिक्सचे जुने सर अध्यक्ष झाले तरच हॉल मिळणार होता. हॉलवाल्यांचा विश्वास सरांवर होता, माझ्यावर नव्हता.

पेठेत शिरल्यावर आधी मिसळ. दुसऱ्यांदा सॅम्पल (वरून मिळणारा रस्सा) मागितलं, तर वाढपी म्हणाला, “आंघोळ करणार आहात का?”

सरांच्या इमारतीच्या फाटकावर पाटी होती : ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल.’ दुसरीकडे जागाच नव्हती. लावली.

सरांनी पत्रक वाचून चष्मा काढला. “विश्व सुरू झालं, हे मान्य?”

“मान्य.”

“मग कुणी सुरू केलं?”

“‘कुणी’ कुठून आलं, सर? ‘कसं’ विचारा.”

“आणि तुझं हे ‘नाही’ कुठून आलं? बघून आलास?” पत्रक घडी करून त्यांनी परत दिलं. “अध्यक्षपदाचं कळवतो.”

पुण्यात ‘कळवतो’ म्हणजे काय, हे सांगायला नको.

खाली आलो तर मागचं चाक सपाट! तळमजल्यावरचे जोशीकाका दारात पेपर वाचत होते.

“काका, हवा तुम्हीच सोडलीत!”

“पुरावा?”

“ही पाटी!”

वर गॅलरीतून सर म्हणाले, “लिहिलंय म्हणून खरं? पोथ्यांबद्दल तू काय म्हणतोस?”

“सर, हवा आपोआप जात नाही!”

“विश्व आपोआप येतं आणि हवा जात नाही?”

आजूबाजूच्या गॅलऱ्या हसल्या. जोशीकाकांविरुद्ध नवं पत्रक मनात जुळवत मी स्कूटर ढकलत पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने ट्यूब पाण्यात बुडवली, मग टायरमधून काहीतरी उपसून माझ्या हातावर ठेवलं. “बाभळीचा काटा हाय. कुणी काय केलं न्हाई.”

मला आमचा मोकळा, बाभळींनी भरलेला प्लॉट आठवला. तसाच घरी गेलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. पण कर्ता नसताना कर्ता ठरवू नका, असं वर्षभर लोकांना मीच सुनावत होतो. वळलो.

“कर्ता नव्हता,” काटा सरांपुढे ठेवत मी म्हणालो.

“आणि तू एका मिनिटात त्याला नाव-पत्त्यासह शोधलंस. बरं, बाभूळ कुणी लावली?”

“लावावी लागत नाही, सर. येते.”

“पहिलं बी?”

उत्तर ओठांवर होतं, पण उद्गारचिन्हासकट गिळलं. “माहीत नाही.”

सर पहिल्यांदा हसले. “एवढे दोन शब्द पत्रकात घाल, रविवारी येतो. आधी जोश्यांची माफी माग.”

मागितली. पेपर खाली न घेता काका म्हणाले, “माफी कसली? अग्रलेख संपला की हवा सोडणारच होतो.”

परतताना प्लॉट टाळून लांबून आलो. दोनशे पत्रकांवरचं ‘नाही!’ खोडून ‘आहे का? माहीत नाही’ लिहिताना बोटं दुखली. निर्माता नसावा, असं मला अजूनही ठाम वाटतं. पण ‘कुणी केलं?’ असं ओरडण्याआधी चाक फिरवून पाहावं, एवढं पेठेत शिकलो.

रविवारी जोशीकाका पहिल्या रांगेत बसले होते. स्कूटर मी हॉलपासून बरीच लांब लावली होती.