टू लर्न, फॉर लर्निंग आणि मोठे बाबा

मोठे बाबा गेल्याचा फोन अकोल्याहून आला, तेव्हा मी दहावीचा तास संपवून वर्गाबाहेर पडत होते. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ. आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. मला रडू आलं नाही. महिना झाला, अजून आलेलं नाही. तेराव्याला जो तो म्हणत होता, "कडक होते, पण मनानं चांगले..." ते मन मला कधी दिसलं नाही, म्हणून हे लिहितेय.

नांदगाव खंडेश्वरला आमची शेवंती-झेंडूची शेती. अकरावीला बाबांनी मला मोठ्या बाबांकडे ठेवलं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी इंग्रजीतून विचारलं, इथं कशासाठी आलीस? मी कसंबसं जुळवलं, "आय केम हिअर फॉर लर्निंग इंग्लिश." ते हसले. "फॉर लर्निंग? सुरी असते फॉर कटिंग. वस्तूचा उपयोग सांगताना तसं म्हणतात. माणूस येतो टू लर्न. तू माणूस आहेस की सुरी?" नियम बरोबर होता. पण त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव सुरी पडलं. जेवायला हाक मारतानाही सुरी. मी इतकी धास्तावले, की तोंड उघडलं की फॉरच बाहेर पडायचं.

दिवाळीच्या तोंडावर बाबा फुलं घेऊन आले. बैठकीत मोठ्या बाबांचे कॉलेजातले सहकारी चहा पीत होते. "हिला विचारा, ही इथं कशाला आली," मोठे बाबा त्यांना म्हणाले. मी रिकामे कप गोळा करू लागले. शेवटी दारातूनच बाबा बोलले, "शिकाले आली जी पोरगी. तुमच्या इंग्रजीत काय म्हंतेत मले ठाव नाही, पण शिकाले आली." सगळे हसले. सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्यानं हसला तो बाबांचा सख्खा भाऊ. बाबांनी पिशवी खाली ठेवली. मला म्हणाले, "चाल, बॅग भर."

परतीची एसटी मूर्तिजापूरला थांबली. मग एकदम माझ्या ध्यानात आलं... शिकाले म्हणजेच टू लर्न. आपण जो 'ले' क्रियापदाच्या शेवटी जोडतो, तो इंग्रजीत 'टू' होऊन आधी येतो, एवढंच. बाबा अगदी बरोबर बोलले होते. आज बाळापूरच्या शाळेत मी असंच शिकवते. भाजी घ्याले, टू बाय. पोहाले, टू स्विम. पोरांना पाच मिनिटं पुरतात. मोठे बाबाही आमच्याच घरात, हीच बोली बोलत वाढले. त्यांना हे ठाऊक नव्हतं, असं मी कधीच मानणार नाही. त्यांना मला शिकवायचं नव्हतं, लहान करायचं होतं. ते त्यांना छान जमायचं.

गेल्या रविवारी मोठ्या आईला, मोठ्या बाबांच्या बायकोला, भेटायला गेले. मोठ्या बाबांच्या खोलीत खिडकीशी त्यांची वेताची खुर्ची तशीच आहे. आम्ही दोघी खाली सतरंजीवर बसलो. मोठी आई सांगू लागली, "आता चार दिवस अमरावतीले भावाकडे..." आणि थांबली. रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग आवाज खाली आणून, 'ले' टाळून तिनं वाक्य पहिल्यापासून म्हटलं, "आता चार दिवस अमरावतीला..."