फोनवर दिसणारं नाव

रुग्णालयातून नातेवाइकांना फोन लावायचं काम ताईंचं. पण समोर अनोळखी नंबर दिसला की लोक फोन कापायचे. एका आजोबांना घरी सोडायचं होतं, लेक काही फोन उचलेना. ते दिवसभर चपला घालून खाटेवर बसून राहिले. मग ताईंनी फोन कंपनीच्या माणसाचा पिच्छाच पुरवला, "इथून लावलेल्या प्रत्येक फोनवर समोरच्याला रुग्णालयाचं नाव दिसू दे रे बाबा!" त्याने तशी सोय करून दिली.

आता लोक लगेच उचलू लागले, पण धास्तावून, "काय झालं हो?"

तेव्हापासून ताई आधी सांगतात, "घाबरू नका, सगळं ठीक आहे." आणि जेव्हा तसं सांगता येत नाही, तेव्हा हळूच विचारतात, "तुमच्याजवळ कोणी आहे का?"