भाऊजींनी वाचवलेला मुखवटा

या सदरातले अमानवीय अनुभव मी आजवर फक्त वाचत आले, आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचत आले. मी बर्मिंगहॅममधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. स्लाइडवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही, इतकं माझं साधं गणित. नवस नाही, उपास नाही, मांजर आडवं गेलं तर मी थांबून त्याला चुचकारते. त्यामुळे पुढचं वाचून कोणी "बायकांचं मन हळवं असतं हो" वगैरे लिहिणार असेल तर कृपा करून लिहू नका. ते माझं घरी ऐकून झालंय… आणि त्याच संतापात हे लिहायला बसलेय.

माझे मोठे दीर, आमचे भाऊजी, लंडनजवळ स्लाऊला राहतात. रिटायर झाल्यापासून त्यांना प्रवासाचं वेड लागलंय. पण बीचवर पडून राहणारे आपण नाही, "आम्ही हेरिटेज बघतो" असं ते नाक वर करून सांगतात. मागच्या वर्षी झांबियाला गेले. मोठा धबधबा सगळेच बघतात, म्हणून हे गाईड घेऊन झांबेझी नदीच्या वरच्या अंगाला, पार आतल्या गावांपर्यंत पोचले. तिथे मुलगे वयात येऊ लागले की त्यांना काही काळ गावाबाहेर ठेवून शिकवतात आणि शेवटी मोठा सोहळा होतो. त्यात मुखवटे घातलेले लोक नाचतात. भाऊजींनी तो पाहिला, फोटो काढले — इथवर ठीक. पण नंतर हे मुखवटे जाळून टाकतात असं कळल्यावर त्यांनी कुणाला तरी गाठलं, गोड बोलून पटवलं, आणि त्यातला एक मुखवटा कपड्यांत गुंडाळून घरी आणला.

"अलका, त्या लोकांना किंमतच नाही गं. जाळणार होते! मी वाचवला." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की कान किटले.

वहिनींनी मात्र "हे माझ्या घरात नको" म्हणून हात जोडले. मग तो आला कुठे? आमच्याकडे! आमच्या इथल्या मराठी मंडळात भाऊजी झांबियावर स्लाइड-शो करणार होते, तेव्हा तोवर राहू दे तुमच्याकडे, असं परस्पर ठरलं. मला कोणी विचारलं नाही. माझा नवरा मिलिंद मोठ्या भावापुढे तोंड उघडत नाही, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता. झाडाच्या सालीचा, काळ्या डांबरासारख्या लेपाचा तो भला थोरला मुखवटा चादरीत बांधून आमच्या पुढच्या खोलीत सोफ्यामागे ठेवला गेला.

आमचं घर साधं, बर्मिंगहॅमच्या हार्बोर्न भागातलं, एका भिंतीने शेजाऱ्यांना जोडलेलं सेमी-डिटॅच्ड. फायरप्लेस केव्हाच बुजवलेली. स्वयंपाक मागच्या बाजूला. आणि तरी मुखवटा आल्यापासून पुढच्या खोलीत धुराचा वास यायला लागला. करपलेल्या टोस्टचा नव्हे. ओलं लाकूड आणि मेण एकत्र पेटवल्यासारखा, कडवट-गोड. दिवसाढवळ्या. मी चहा घेऊन बसले की यायचा, खिडकी उघडली तरी जायचा नाही.

मिलिंदला वास येत नव्हता. "मेनोपॉज," तो म्हणाला. आमच्या जीपी डॉक्टरांनी सायनस सांगितलं. ठीक आहे, मान्य. पण मग आमचा स्मोक अलार्म वाजायला लागला… घरात काही शिजत नसताना! मिलिंदने बॅटरी बदलली. नवा अलार्म आणला, तोही वाजला. "आता अलार्मलाही मेनोपॉज आला का रे?" मी विचारलं. फायर सर्व्हिसची एक बाई येऊन भिंती, वायरी सगळं तपासून गेली. धुराचा मागमूस नाही, घर अगदी सेफ, म्हणाली.

अशाच एका दुपारी अलार्म कोकलत असताना शेजारचे मिस्टर कायोंबो धावत आले. ते शाळेत मॅथ्स शिकवतात, मूळचे झांबियाचेच, पण भाऊजींच्या त्या प्रतापाबद्दल मी त्यांना बोलले नव्हते. लाज वाटत होती. त्यांनी स्टुलावर चढून अलार्म बंद केला, खाली उतरले, आणि सोफ्यामागे चादर सरकून जे दिसत होतं ते बघून जागच्या जागी थांबले. "हे काय आहे" असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "हा कोण आहे?"

मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते दारापर्यंत मागे सरकले. सरकलेल्या चादरीतून मुखवट्याची आतली बाजू दिसत होती, तिच्यावरचे घामाचे डाग त्यांनी लांबूनच ओळखले.

"विकायला बनवतात ते वेगळे," ते म्हणाले. "हा नाचलेला आहे. मुलांची काळजी घ्यायला आमचे गेलेले पूर्वज येतात, त्यांना आम्ही माकिशी म्हणतो. मुलं घरी परतली की त्यांचं काम संपतं. मग मुखवटा जाळायचा, म्हणजे ते परत जातात. आमच्या घरी असंच मानतात."

"आणि नाही जाळला तर?"

"मला माहीत नाही, अलका. असं कोणी करत नाही."

मी तिथेच भाऊजींना फोन लावला. आता हे लक्षात घ्या — हेच भाऊजी पूर्वी इथे राहायचे तेव्हा आमच्या मंडळाचे अध्यक्ष होते. गणपतीची मूर्ती विसर्जन न करता पुढच्या वर्षासाठी गॅरेजमध्ये ठेवू या, कौन्सिलच्या परवानगीची कटकट नको, असं कमिटीतल्या कोणीतरी सुचवलं होतं, तेव्हा यांनी टेबलावर हात आपटला होता. "निरोप दिलेल्या देवाला तुम्ही गॅरेजमध्ये कोंबणार? लाज वाटते का?" म्हणून ओरडले होते. मी स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या.

"भाऊजी," मी म्हटलं, "हे त्यांचं विसर्जन राहिलंय हो. निरोप दिलेल्याला आपण सोफ्यामागे कोंबलाय."

"ते वेगळं, अलका! आपलं शास्त्र आहे. ही लोककला आहे. आणि ऐक, रविवारी मी तो न्यायला येतोय, स्लाइड-शोला फोटो पुरतील. लिलाववाल्यांनी इंटरेस्ट दाखवलाय."

ते वेगळं! म्हणजे आपला तो देव आणि त्यांची ती शोभेची वस्तू? एकदा लिलावात गेला की कुठल्या तरी श्रीमंताच्या भिंतीवर कायमचा टांगला जाणार, आणि जो कोणी परत जायला थांबलाय तो थांबलेलाच राहणार. मी अमानवीय काही मानत नव्हते. पण माणुसकी तर मानत होते ना!

शनिवारी दुपारी मिलिंद खरेदीला गेल्यावर मी मिस्टर कायोंबोंना बोलावलं. मागच्या अंगणात पानं जाळायचा झाकणाचा पत्र्याचा ड्रम आहे, तो मोकळा केला. मुखवटा त्यांनीच उचलला. मग जरा अवघडून म्हणाले, "तुम्ही बघायचं नाही. हे बायकांनी बघायचं नसतं. प्लीज, राग मानू नका."

राग आलाच! घर माझं, ड्रम माझा, काड्यापेटी माझी, आणि मीच शेडकडे तोंड करून उभी? पण सासूबाईंच्या देवघरातले नियम पाळलेच होते की मी. फिरले आणि उभी राहिले.

मुखवट्याने पेट घेतल्याचा आवाज आला. तोच वास, ओलं लाकूड आणि मेण. मिस्टर कायोंबो त्यांच्या भाषेत हळू बोलत होते, घरातल्या वडीलधाऱ्याला स्टेशनवर सोडायला गेल्यावर बोलतो तसं. मग ते गप्प झाले. आणि माझ्या पाठीमागून कोणीतरी चालत गेलं. पायात वाळक्या बियांचं काहीतरी बांधल्यासारखी खुळखुळ, दमदार पावलं, घाई नाही. साइड गेटची कडी उचलली गेली, गेट उघडलं, परत लागलं, कडी पडली.

मी भयंकर चिडले. पेटता ड्रम माझ्यावर सोडून हा माणूस खुशाल निघून गेला! ताडकन वळले… तर मिस्टर कायोंबो ड्रमपाशीच उभे होते. टोपी हातात, डोळ्यांतून पाणी.

"कोण गेलं आत्ता?" मी विचारलं.

"तुम्हीपण ऐकलंत?" एवढंच ते म्हणाले.

त्या दिवसापासून वास नाही. अलार्म एकदाही वाजलेला नाही. मिलिंद म्हणतो, वाऱ्याने गेट उघडलं असेल. वाऱ्याने! ती कडी इतकी घट्ट आहे की पोस्टमन दोन्ही हात लावतो. तरी मी तिथे उभी राहून स्वतः ती कडी पन्नास प्रकारे हलवून बघितली. कशानेच तसा आवाज आला नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि लॅबमधल्या बाईला हे लिहायला किती जड जातं ते तुम्हाला कळणार नाही.

भाऊजी आता माझ्याशी बोलत नाहीत. अलकाने हेरिटेज जाळलं, असं सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरतायत, आणि मी माफी मागेपर्यंत आमच्या घरात पाऊल ठेवणार नाहीत म्हणे. वहिनींनी तेवढा गुपचूप फोन केला, "बरं केलंस गं." माफी मागायला माझी ना नाही. पण ती ज्याला आम्ही चादरीत बांधून सोफ्यामागे ठेवलं त्याची मागायची, आणि तो तर आपल्या घरी गेला.