आवतण दिलेली भुईआवळी

सावंतवाडीहून निघालेली एस.टी. आरोंद्याला पोचली तेव्हा खाडीचं पाणी उतरत होतं. पलीकडच्या काठावर पोर्तुगीजांचा गोवा. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर; कोल्हापूरच्या कॉलेजासाठी औषधी वनस्पतींचे नमुने गोळा करायला आलो होतो, आणि ते गाडीतल्या प्रत्येकाला सांगून झालं होतं.

उतरलो भागीकाकींकडे. गावाला झाडपाल्याचं औषध देणाऱ्या त्याच. उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा वाढत त्या म्हणाल्या, "जेव रे झिला (मुला). माझ्या सुनेक कावीळ झाली आसा. आठ दिस घास तोंडात घेणा नाय."

सकाळी बावीकडे (विहिरीपाशी) गेलो. पौषात भुईआवळी सुकून जाते. इथे ओलीला एकच रोप तग धरून होतं. मुळाशी चार तांदूळ आणि एक सुपारी. कुणाच्या पूजेतली सांडली असेल म्हणून बाजूला सारली, शिकवलं होतं तसं रोप मुळासकट उपटलं आणि वर्तमानपत्रात दाबलं.

मागून काकी आल्या.

"ह्या कोणी उपटल्यान?"

"मी. नमुना हवा होता."

"काल तिन्हीसांजेक तांदूळ-सुपारी ठेवून आवतण (आमंत्रण) दिललंय त्येका. सुनेच्या औषधासाठी. इतक्या शिकलंस, झाडाक इचारूक नाय शिकलंस?"

माझे कान तापले. दुसरं रोप शोधत दुपारपर्यंत शेतांच्या बांधांवरून हिंडलो. एकही दिसलं नाही. परत येऊन मुकाट्यानं कागद उघडला आणि रोप काकींपुढे धरलं. त्यांनी ते धुऊन पाट्यावर ठेवलं.

"आवतण माझा, हात तुझो लागलो. आता वाटूक पण तूच बस. वाटताना मनात म्हण, तिका बरा वाटां दे."

जन्मात पहिल्यांदा पाट्याशी बसलो. पिवळ्या डोळ्यांची सून दाराला टेकून पाहत होती. "भावजी," ती हळूच म्हणाली, "वरवंटो दोनी हातांनी धरा." आणि हसली.

रोज ताकातून थोडं थोडं औषध जात होतं. रोज तिचं ताट तसंच परत येत होतं. चौथ्या दिवशी मी पिशवी आवरत असताना आतून आवाज आला, "आये, पेज आसा?" काकी उठल्या, चुलीपर्यंत गेल्या आणि पदर तोंडाला लावून तिथेच उभ्या राहिल्या.

औषधानं, की आजाराचे दिवस सरले म्हणून, ते माझी बी.एस्सी. सांगू शकत नाही.

कोल्हापूरला नमुन्यांच्या वहीतलं भुईआवळीचं पान कोरंच दाखवलं. प्रोफेसर रागावले. त्यांचंही बरोबर, चुलीपाशी उभ्या काकी त्यांनी पाहिल्या नव्हत्या.